दारावरचे दोन शब्द

तोझर, ३ नोव्हेंबर १९७४

प्रिय तिजानीमामांना शादलियाचा सलाम वि. वि.

आई गेल्याचा चाळिसावा दिवस परवा झाला. तुमचं पत्र आलं, तुम्ही आला नाहीत. शेजारच्या बशीरामावशी नको ते बोलल्या.

आमच्या अध्यापिका विद्यालयात बाईंनी 'खला', म्हणजे रिकामी जागा, या शब्दाचं मूळ आणि अर्थ लिहून आणायला सांगितलंय. मुली फिदीफिदी हसल्या, कारण सभ्य माणसं संडासालाही 'खला-घर'च म्हणतात. घरात शब्दकोश करणारा मामा असताना मी दुसऱ्या कुणाला विचारू?

आणखी एक. मे महिन्यात आई तुमच्याशी भांडण मिटवायला स्फॅक्सला निघाली, तेव्हा बस चुकेल म्हणून मी घाईत दारावर चिठ्ठी लावली: 'बैत खाली'. मामाच्या घरी, एवढंच. दोन दिवस तुमच्या जिन्यावर काढले, तुम्ही नव्हता. मावशी आता सांगतात, त्याच दिवशी बॅग घेतलेला एक माणूस आमच्या दारावरचं वाचून परत गेला. तुम्ही होता का? मी चार शब्द जास्त लिहिले असते तर! घास उतरत नाही, मामा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची, शादलिया

स्फॅक्स, १९ नोव्हेंबर १९७४

चि. शादलियास अनेक आशीर्वाद.

आधी तुझा अभ्यास. मूळ तीन अक्षरांचं: ख, ल, व. रिकामं होणं, सोडून जाणं. त्यातून 'खला', वस्ती संपते तिथून पुढचं उजाड. 'खलवा' म्हणजे एकांत. होऊन गेलेल्या काळालाही याच मुळाचा शब्द. आणि 'खाली' म्हणजे रिकामा. 'माझा मामा' हा 'खाली' दुसऱ्या मुळाचा, पण दिसायला-ऐकायला हुबेहूब तोच. म्हणून 'बैत खाली' म्हणजे मामाचं घर, किंवा रिकामं घर.

तो माणूस मीच. आमच्या बाबांची खजुराची झाडं तुझ्या आईला, मन्नूबियाला, न विचारता विकली, त्याची माफी मागायला चार वर्षांनी आलो होतो. मी वाचलं, रिकामं घर. वाटलं, तिला माझी चाहूल लागली आणि टोमणा मारून गेली.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पण बसस्थानकावर चहा पिताना उमगलं. 'रिकामं' लिहायचं तर व्याकरणानं शेवटचं अक्षर गळतं; चिठ्ठीत ते होतं. त्या चुकीचे गुण मी तीस वर्षं कापतोय, आणि तुला ते मीच शिकवलंय. तू चुकणार नाहीस. म्हणजे तुम्ही माझ्याच दारात होता. माझ्या घराखालच्या वाण्याकडे फोन आहे. मी केला नाही. म्हटलं, बसू दे जरा पायरीवर, कळू दे तिला. कैरवानला मित्राकडे जाऊन तीन दिवस राहिलो.

नंतर, ऊन उतरू दे, सुट्टी लागू दे, असं म्हणत राहिलो. सप्टेंबरात तार आली. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

तुझ्या चिठ्ठीत काही चुकलं नव्हतं. नीट जेव.

तुझा अपराधी, तिजानी

तोझर, २ फेब्रुवारी १९७५

तिजानीमामांना सलाम. तब्येत विचारत नाही.

तीनदा लिहून फाडलं. बशीरामावशी म्हणाल्या, त्याचं पत्र चुलीत घाल. घातलं नाही.

तिला कळू दे म्हणालात ना? मग तुम्हीही ऐका. पहिल्या दिवशी आईनं तुमचा जिना धुतला. म्हणाली, बायको गेल्यापासून ह्याचं बघणारं कोण आहे. दुसऱ्या दिवशी खोकला वाढला तरी उठेना. तिजानी भुकेला येईल, म्हणाली. शेवटी तुमच्यासाठी आणलेला डबा मीच वाण्याला देऊन टाकला. परतीच्या बसमध्ये ती शेजारणीला सांगत होती, माझा भाऊ शब्दांचं पुस्तक करतोय.

मी माफ केलेलं नाही. पत्रातून मागितली नि पत्रातून मिळाली, असं होणार नाही. शुक्रवारी कबरीवर दगड बसवतोय. तुम्ही गुरुवारच्या बसने या. मला भांडायचंय. मुक्कामाच्या तयारीनं या, कारण माझं एका बैठकीत संपणार नाही.

लोभाचं काय, ते तेव्हा बघू.
शादलिया