बिबा लावलेले बोटं

करिश्माच्या बाबाले जोहार,

तिकडं फोन लागून नाई राह्यला, म्हणून मुंबईहून चिठ्ठी. पोरगी बरी हाय, जेवते.

संशोधनाले जर्मनीत जायचे सारे कागद बरोबर निंघाले. पण व्हिसावाल्याईच्या मशीनवर तिच्या बोटाचे ठसेच नाई उमटले. जंगलात काटे रुतले तवा मीच तिच्या बोटाले बिबा लावला होता ना! कातडी जळली.

भाईर येऊन म्हणते, "माय, मशीनच खराब हाय." मंग तिच्या मागच्या साऱ्याईचे ठसे कसे उमटले? मी का आंधळी हाव?

सोमवारी पुन्हा बोलावलं. तवाबी नाई उमटले तं तिची जागा दुसऱ्याले देतीन. मी दिवसभर तिचे बोटंच पाहून राह्यली.

तुमच्या टाचेच्या भेगा कशा हायेत? बिबा नोका लावू. डबाच फेकून द्या.

करिश्माची माय