शिवेवरचा पिवळा फ्रॉक

१७ ऑक्टोबर २०१६
माझ्या नातीचा पिवळा फ्रॉक आज शिवेच्या दगडावर सापडला, म्हणून लिहायला बसले. परवा दोरीवरून गेला होता. शेजारी दहीभात, लिंबू, कुंकू. उतारा! रेणूचा, आणि मला न विचारता!
उचलून आणला. उकळत्या पाण्यात टाकला.

१८ ऑक्टोबर
शेजारच्या सोजरबाईंचंच काम. लपवलं नाही त्यांनी. "पोरीचं अंग फुटून राह्यलं, बघवत नाई बाई. शिवेपल्याड टाकलं का रोग तिकडचा."
म्हटलं, इसब आहे तो. टाकून देता येत नाही, सांभाळावा लागतो. माझ्या बोटांना कॉलेजपासून आहे. भांडी घासताना आत सुती हातमोजे, वर रबरी. झालं!
"तुमचं शिकलेल्याचं येगळं," म्हणाल्या.
रेणूचं रोजचं — कोमट पाणी, अंघोळ लवकर आटपायची. अंग टिपायचं, घासायचं नाही. ओलसर असतानाच व्हॅसलिन. डॉक्टरांचं मलम लाल चट्ट्यांवरच, पातळ. नखं कापलेली. कापूस वेचणी चालू आहे. शेतात नेत नाही, धूळ सोसत नाही तिला.

२२ ऑक्टोबर
कोपरांची लाली उतरली. गुडघ्यांमागे अजून आहे. हैदराबादहून लेकीचा फोन — "आई, दिवाळीनंतर न्यायला येऊ? शाळा बुडतेय." अंग निवळल्याशिवाय पाठवणार नाही, म्हटलं.

२५ ऑक्टोबर
दुपारी रेणू झोपली होती. मी जवळ वाचत. खाजवण्याचा आवाज — वाळल्या कातडीवर नखं. तिचे दोन्ही हात धरले. हात माझ्या हातात, आणि आवाज चालूच!
उंदीर असेल. कणगीमागे पाहिलं. काही नाही.

२६ ऑक्टोबर
आजही दुपारीच.
"रेणू, खाजवतेस?"
"मी नाही आजी. ती."
"कोण ती?"
"पिवळ्या फ्रॉकवाली."
फ्रॉक मी स्वतः ट्रंकेत ठेवला होता. काढून पाहिला. बाह्यांना रक्ताचे ठिपके, ओले. रेणूच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

२८ ऑक्टोबर
सोजरबाईंना दाखवला. पदर तोंडाला लावून बसल्या.
"चुकलंच बाई. दसऱ्याला सरकारनं भीमपूर नवं मंडल केलं ना, तालुक्यावानी? आंदी दगडापल्याडचं गाव दुसऱ्या मंडलात होतं. आता दोन्ही एकातच. म्या शीव समजून टाकलं, अन् तिथं शीवच रायली नाई. थे जाईन कुठं? आपल्यातच बसली."
"मूर्खपणा!" म्हटलं. मग — का कोण जाणे — विचारलं, "आता काय?"
"नवी शीव कुठून जाते, मले काय ठाव? आता तुमीच शिकल्या, तुमीच सांगा!"


३० ऑक्टोबर
दिवाळी. रेणूला नवा सुती फ्रॉक. फटाक्यांच्या धुरापासून लांब ठेवली.

२ नोव्हेंबर
रेणूची कातडी स्वच्छ, गुडघ्यांमागेही. लेकीला कळवलं, ये.
दुपारचा आवाज वाढलाय. आज त्यात रडणंही होतं, बारीक. रेणू कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "तिला तू काहीच लावत नाहीस, आजी."

३ नोव्हेंबर
लेक आली, घेऊन गेली. सगळं दोनदा समजावून सांगितलं. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. एकच धास्ती — सोबत जाईल की काय.
घरी आले. कुलूप काढतानाच आतून ऐकू आलं. हुश्श वाटलं!

४ नोव्हेंबर
दुपारी कोमट पाणी काढलं. "ये," म्हटलं. नखं फार वाढली होती. आधी ती कापली. हात गार. अंघोळ घातली, टिपलं, व्हॅसलिन लावलं.
तिच्याकडे दिलं — पिवळा फ्रॉक, धुऊन. एक सुती परकर-पोलकं, वाढत्या मापाचं. मऊ पंचा. व्हॅसलिनची नवी डबी.
मलम दिलेलं नाही. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते द्यायचं नसतं.