हलकं काम

माय, तुला आणि तुझ्यासारख्या उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या साऱ्या बायांना ज्यांनी आयुष्यभर हलक्या कामावर धरलं, त्यांची समजूत अजून बदललेली नाही. साखर कारखान्यात कामांची प्रतवारी ठरते आहे. ऊस तोडणं जड, मोळी बांधून वाहणं हलकं. जड कामानं अंग मोडलं तर औषधपाणी कारखान्याचं. हलक्यानं मोडलं तर ते घरचं दुखणं. उद्या यावर कारखान्याच्या साहेबांसमोर सभा आहे आणि बायांच्या बाजूनं मला बोलायचं आहे.

मला दुष्काळातलं पाझर तलावाचं काम आठवतं. शिरूरच्या अलीकडचं उघडं माळरान. टिकाव मारणारे पुरुष एका रांगेत, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया दुसऱ्या. मुकादम छडीनं रांगा पाडतो आहे, हे जड, हे हलकं. डोक्यावर भरली पाटी घेऊन तू पुढे येतेस.

"दादा, आमचं हलकं काऊन?"

"पाटीच हाय ती बाई, डोंगर न्हाई."

"मंग धर की जरा. पदर नीट करते."

आणि त्यानं खरंच हात पुढे केले. तू पाटी त्याच्या हातांवर ठेवलीस आणि सावकाश, लई सावकाश पदर खोचत राहिलीस. त्याचे हात कापायला लागले तशा बाया हसल्या, मग टिकाववालेही हसले. घे आता, असं तो काकुळतीनं म्हणाला, तेव्हा तू म्हणालीस, "घेते की. हलकीच हाय." रांगा बदलल्या नाहीत. पण मी बोलायला शिकले ती त्या दिवशी. पुढं पुस्तकं पुष्कळ वाचली, तरी माझ्या भाषणांतला विस्तव त्या माळावरचाच आहे.

मग आपण ऊसतोडीला जाऊ लागलो. बाप तोडायचा, तू मोळी बांधून डोक्यावरच्या चुंबळीवर घ्यायचीस आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचीस. उतरताना एक हात मानेवर असायचा. काही वर्षांनी मान वळेनाशी झाली. मागून हाक मारली की तू अख्खी वळायचीस, बैलगाडी वळते तशी. शेवटी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काम करतात या? बाप मनापासून म्हणाला, "तसं जड काई न्हाई केलं तिनं. तोडायचो मी, ही नुसती वाहायची." त्याच्या मनात खोट नव्हती. त्यालाही त्या रांगांनीच शिकवलं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं. आता तू बोलशील, असं वाटलं. भिंतीकडे बघत तू म्हणालीस, "हलकंच व्हतं."

हे वाक्य मी किती सभांत सांगितलं. माझ्या मायनं मारलेला टोमणा म्हणून सांगते आणि बाया टाळ्या वाजवतात. पण त्या दिवशी तू हसली नव्हतीस. पाटीच्या दिवशीची चमक मी तुझ्या डोळ्यांत शोधली, ती सापडली नाही. तो टोमणा होता, की रांगा पाडणाऱ्यांचं म्हणणं तूही कधीतरी मान्य करून बसली होतीस, हे मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि तू गेलीस.

हा कागद पाठवायला पत्ता नाही. म्हणून तो माझ्याजवळच राहील आणि उद्या तुझं वाक्यही मी सांगणार नाही. ओल्या उसाची एक मोळी आणून त्यांच्यासमोर ठेवीन आणि एवढंच म्हणेन: साहेब, उठा, ही डोक्यावर घ्या, फळी चढून या आणि मग लिहा, हलकं.