वरची लिफ्ट

१५ एप्रिल, सोमवार

छावणीत आज पेपर अर्धाच वाचून झाला. दूध संस्थेने चारा छावणी उघडल्यापासून दुपारचं वाचन माझ्याकडे आहे. जनावरांपाशी बसून बसून माणसांचा दिवस सरत नाही, म्हणून.

आज अवकाशात जाणाऱ्या लिफ्टची बातमी होती. जमिनीपासून थेट आभाळापलीकडे दोर ताणायचा आणि त्यावरून डबे चढवायचे. एका परदेशी कंपनीने मनावर घेतलं आहे. बांधावी की बांधू नये, यावर जगभर वाद चालू आहे. मी मथळा वाचला तेव्हा सगळे आडवे पडलेले. ‘लिफ्ट’ म्हटलं आणि लिंबाजीआबा उठून बसले. सुभद्रामावशी म्हशीच्या अंगावर ओलं पोतं टाकत होत्या, त्या तशाच जवळ आल्या. एवढी विज्ञानाची आवड! मला फार बरं वाटलं. दुसरा परिच्छेद सुरू केला तोच चाऱ्याची गाडी आली आणि सगळे पळाले.

घरी अण्णा नोटीस घेऊन बसलेले. रविवारी २८ ला लिफ्ट संस्थेची विशेष सभा, तालुक्याहून साहेब येणार. सभासद जमले नाहीत तर संस्था कायमची बंद. गोदावरीचं पाणी वर शेतांना उचलणारी ही लिफ्ट. अण्णा तिचे सचिव, माझ्या जन्माच्या आधीपासून. नदी आटली, मोटारी थांबल्या, तसं सभेला माणूस फिरकेना. मागच्या वेळी अण्णा, चेअरमन आणि एक पाहुणे. पाहुणे आमचेच.

१६ एप्रिल, मंगळवार

आई टँकरवरून आली ती घागर खाली ठेवायच्या आधीच, “उजे, वरची लिफ्ट कवा सुरू व्हायलीय?”

“कोणती वरची?”

“तूच वाचलीस म्हणं. वरून पाणी खाली येणार. मोटर न्हाई, लाईट न्हाई. समदा उतारच हाय न्हवं.”

गावात लिफ्ट म्हणजे एकच: पाणी उचलते ती. इमारतीतली लिफ्ट इथे पाहिली आहे कुणी? मीसुद्धा बीडला एकदाच, तीही बंद होती. आणि मी काय वाचलं? ‘वर’, ‘आभाळ’, ‘लिफ्ट’. मग चाऱ्याची गाडी.

आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आसं व्हय,” आणि थोड्या वेळाने, “पर पाणी येतंय का न्हाई शेवटी?”

उद्या सगळं नीट वाचायचं. सावकाश.

१७ एप्रिल, बुधवार

वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत. चाऱ्याच्या गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की माझं होईपर्यंत हॉर्न वाजवू नका.

आबांनी पहिलाच प्रश्न काढला. “दोर वर कशाला बांधणार? आबाळात काय खुटी हाय?” बरोबर प्रश्न. मी म्हटलं, आबा, गोफण फिरवता तेव्हा दोरी कशी ताठ राहते? पृथ्वी फिरते, दोराच्या टोकाला वर खूप दूर वजन, म्हणून दोर ताठ. आबांनी हवेत हात फिरवून पाहिला. मग दुसऱ्या हाताने पाहिला. “जमतंय,” म्हणाले. मी फुशारले.

मग मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, या लिफ्टने पाणी येणार नाही. माणसं आणि सामान वर जाणार.

सुभद्रामावशी: “वर गेल्यावर त्यायला तहान लागंल का न्हाई?”

“लागेल.”

“मग पाणी हाय की!”

साळवेकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना वेगळीच काळजी. “वर पोचायला किती दिस?” मी म्हटलं, कित्येक दिवस. “आन मधी थांबा न्हाई? बाया-माणसांनी काय करावं? हात दाखवला तर थांबंल का न्हाई, त्ये लिव्हलंय का त्यात?” लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी नाही असं सांगितलं. यावर अर्धा तास चर्चा. पाण्याचं राहूनच गेलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

उमापूरच्या बाजारात भाजीवाल्या बाईने विचारलं, “तुमच्या गावाला वरची लिफ्ट मंजूर झाली म्हणं. आमच्याकडं कावून न्हाई?” मी भेंडी न घेताच परत आले.

घरी अण्णा खुशीत. रस्त्यात चार सभासद भेटले, चौघांनी आपण होऊन विचारलं, सभा किती वाजता? असं कधी झालं नव्हतं म्हणाले. मी कारण सांगितलं. अण्णा म्हणाले, “रविवारपर्यंत राहू दे, उजू. सभा होऊ दे. मग सांग सगळ्यांना.”

मला चौथीपर्यंत अण्णांनीच घरी शिकवलं. वस्तीवरून शाळा लांब, ओढा मध्ये. पाटी कमी, पेपर जास्त. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते ‘असे समजते’ लावल्याशिवाय लिहायचं नाही, ही त्यांचीच शिस्त. एकदा मी ‘आज चंद्रग्रहण आहे’ असं लिहिलं, तर खिडकीतून बघून ये म्हणाले होते.

त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला. स्वच्छ होता.

२० एप्रिल, शनिवार

छावणीच्या फळ्यावर लिहिलं. मोठ्या अक्षरात, कुणालाही वाचता येईल असं:

“अवकाश लिफ्टचा पाण्याशी काहीही संबंध नाही, असे समजते.”

आता झोप लागेल.

२२ एप्रिल, सोमवार

नाही लागली. ते ‘असे समजते’ नडलं!

साळवेकाका हसत आले. “पोरी, लई हुशार झालीस. आतली बातमी फोडलीस.”

“कसली आतली?”

“‘असे समजते’ कवा लिव्हतेत? तिकिटं कुनाला मिळणार, मंत्री कोण व्हणार. म्हंजी गडबड हाय. संबंध न्हाई म्हणायलेत, म्हंजी संबंध हाय. दडवायलेत.”

मी पळत जाऊन ती दोन अक्षरं पुसली. (दोन शब्द. अक्षरं जास्त आहेत.) तर आबा म्हणाले, बगा, वरून दाब आला, पुसाय लावलं.

आई दिवसभर मध्येच आठवून हसते. मला रडू येतंय आणि तिच्याकडे बघून हसूही. अण्णांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

२५ एप्रिल, गुरुवार

अण्णांशी बोलणं कामापुरतं. ‘जेवता का’, ‘टॉवेल कुठे’ एवढंच.

त्यांचंही खोटं नाही. लिफ्ट बंद पडली तर नदीकाठची विहीर, पाइप, मोटारी, सगळं भंगारात. उद्या नदीला पाणी आलं तरी आमच्या शेतापर्यंत यायला वाट उरणार नाही. सभासद जमले तरच वाचेल. आणि सभासद जमणार ते माझ्या अर्ध्या वाचनामुळे. मी खरं पटवलं तर कुणी येणार नाही. गप्प राहिले तर साहेबांसमोर माणसं असतील, पण ती फसवून आणलेली.

सुभद्रामावशी आज म्हणाल्या, “रविवारी मी पुढंच बसणार. माज्या शेताला पहिला नंबर पाहिजे.” त्यांचा सगळा ऊस वाळला. हे ऐकल्यापासून अन्न जात नाही.

२७ एप्रिल, शनिवार

ठरवलं. सभेत, साहेब हजेरी घेण्याआधी, उभं राहून सांगायचं. ‘असे समजते’ न लावता. अण्णांना आधी सांगणं भाग होतं, सांगितलं. ते म्हणाले, “मी अडवणार नाही.” मग, “पण पदर... ओढणी नीट घे, साहेब आहेत.” म्हणजे मन दुसरीकडेच.

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. गाईसमोर सराव केला. तिने ऐकून घेतलं.

२८ एप्रिल, रविवार

देवळासमोर मंडप. पाय ठेवायला जागा नाही! शेजारच्या गावचेही आलेले. साहेब तरुण होते, घाम पुसत सारखे गर्दीकडे बघत होते. नोटिशीत काही वेगळंच लिहिलं गेलं की काय, अशी त्यांना शंका असावी.

अण्णांनी विषय वाचायला घेतला आणि मी उभी राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं: वरची लिफ्ट पाण्याची नाही. ती इथे येणार नाही. अजून कुठेच बांधलेली नाही. एवढा बळकट दोरच कुणाला करता आलेला नाही. मी अर्धं वाचलं, म्हणून घोटाळा झाला. आजची सभा आपल्या खालच्या लिफ्टची आहे. ज्यांना जायचं त्यांनी जावं.

शेजारच्या गावचे उठून चपला शोधू लागले. मी खाली बघत राहिले. अण्णांकडे बघायची हिंमत नव्हती.

आबा: “आमाला काय येडं समजलीस व्हय गं? आबाळात कुठं हीर हाय?”

सुभद्रामावशी: “मला न्हवतं ठाऊक. मी पाण्यासाठीच आलते.”

एवढंच, साध्या आवाजात. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, “आता आलेच हाय तर बसते. आन मला त्या दोराचं इचारायचंय.”

आणि खरंच विचारलं! लिफ्ट कंपनीची का सोसायटीची? कंपनीची असली तर कोण चढणार ते कंपनी ठरवणार. मला चढायचं न्हाई, पण माज्या नातीला चढायचं असलं तर? सोसायटीच पाहिजे. समद्यायला शेअर.

आबा उठले. त्यांचा बांधण्यालाच विरोध. “एवढा लांब दोर तुटला तर कुनाच्या रानात पडंल? पंचनामा कोण करणार?”

साळवेकाका: “आबा, गावात एसटी आली तवाबी तुमीच म्हणलाव, पायानं जायला काय वाईट हाय. आता म्होरच्या सीटवर तुमीच बसताव.”

“म्होरं हादरं कमी बसतेत म्हणून बसतो बे!”

चपला सापडलेले लोक चपला घालून परत बसले. काही गेले, ते खरंच गेले. साहेबांनी हसू दाबलं, पण शेवटी तेही पडले त्यात: “समजा सोसायटी केली, तर नोंदणी कुठल्या तालुक्यात करणार?” हशा.

मग आबांनीच विचारलं, दोराचं खालचं टोक कुठं बांधणार? मी म्हटलं, समुद्रात, तरंगत्या तळावर, असा विचार आहे. आबा म्हणाले, “म्हंजी आधी बुडाची काळजी. आन आपल्या लिफ्टचं बुड? गाळात. विहीर निम्मी भरलीय गाळानं. नदीला पाणी आलं तरी मोटर चिखल पिणार.”

कुणीतरी म्हणालं, गाळ काढायचा तर नदी कोरडी पाहिजे. तर मावशी म्हणाल्या, “मग कवा काढताव? हिच्यापेक्षा कोरडी आनिक कशी व्हायची?”

तिथेच ठरलं. पुढच्या रविवारी. साहेबांनी हजेरी घेतली, सह्या घेतल्या. म्हणाले, “मी जे पाहिलं ते लिहीन. निर्णय वरून येईल.”

“म्हंजी त्योबी वरूनच!” साळवेकाका.

घरी येताना अण्णा माझ्या पुढे चालत होते. ओढ्याजवळ थांबले. मला वाटलं, आता. म्हणाले, “फार भरभर बोललीस. मागच्यांना ऐकू गेलं नसेल.” आणि घरी येऊन दोनदा भाकरी मागून घेतली.

३० एप्रिल, मंगळवार

तालुक्याहून काही नाही. एवढ्यात येणारही नाही, अण्णा म्हणतात.

छावणीत दोन पक्ष पडलेत, बांधावी आणि बांधू नये. बांधावीवाले चिंचेखाली बसतात, बांधू नयेवाले पाण्याच्या हौदापाशी. चिंचेची सावली दाट आहे, म्हणून बांधावीवाल्यांचं बहुमत. आबा उन्हात बसतात पण हटत नाहीत.

५ मे, रविवार

सकाळीच नदीवर. विहिरी खोदणाऱ्यांची यारी, म्हणजे दोर ओढायची क्रेन, आणली होती. तिच्या दोराला लोखंडी बादली, माणूस उभा राहील एवढी. खाली चौघं गाळ भरायचे, वर ओढून ओतायचा. गाळ काळा, लोण्यासारखा. ज्यांची शेतं जवळ त्यांनी तो लगेच पाट्या भरून नेला. अण्णा धोतर खोचून पाटी उचलत होते. सचिवाला असं कधी पाहिलं नव्हतं.

पत्र अजून नाही. एक जण म्हणाला, साहेबांनी चांगलं लिहिलंय. दुसरा म्हणाला, त्यांची बदली झाली. काय खरं कुणास ठाऊक. आबा म्हणाले, हुकूम येईस्तोवर निम्मी तरी रिकामी करू, मग त्यायला काय लिव्हायचं ते लिव्हू द्या.

दुपारी सुभद्रामावशी हट्टाने बादलीत बसून खाली जाऊन आल्या. चढताना पोरीसारख्या ओरडत होत्या. बाहेर पडल्या त्या थेट माझ्याकडे. “जा. लोकायला वाचून दावतीस, कदी बसून बगितलंस का?”

मी यारीवाल्याला विचारलं, दोर तपासलाय का? तपासलाय. साळवेकाकांना विचारलं. त्यांनाही तो तपासलाय असं वाटत होतं. मग अण्णांकडे बघितलं. ते स्वतः जाऊन दोर हाताने ओढून आले.

बसले. डोळे मिटले होते, पण खाली गार लागलं तसे उघडले. भिंती ओल्या नाहीत, नुसत्या थंड. वर आभाळाचा वाटोळा तुकडा आणि त्याच्या काठाने सगळ्यांची डोकी, आबांचं पागोटं, आईचा पदर.

“ओढू का गं?” साळवेकाकांचा आवाज घुमत खाली आला.

मी म्हटलं, थांबा जरा.