तहकूब सभेतले हात

आत्याबाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ग्रामसभेत मी सरपंचाच्या खुर्चीत बसले की देवळाच्या खांबापाशी तुम्ही बसलेल्या दिसता. घरात कधी दिसत नाही, तिथंच. सून सरपंच झाली म्हणून कौतुकानं बघत असाल असं आधी वाटायचं. पण तुमचा हात वर असतो, आणि तो मोजायला कुणी येत नाही. मला भीती वाटते तुमची.

दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायकांचं मतदान झालं, तो दिवस आठवतो. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवीला मतं जास्त पडली की दुकान बंद. सकाळीच तेव्हाचे सरपंच आपल्या चुलीपाशी येऊन बसलेत, गोड बोलतायत, "वैनी, कशाला उन्हात उभं ऱ्हाता? आमाला निवडून दिलंय ना, आमी बघतो की." तुम्ही भाकरी थापता थापताच म्हणालात, "मत दिलंय भाऊ, जीभ न्हाई दिली." आणि भाकरी उतरवून रांगेत जाऊन उभ्या राहिलात. तुमच्यामागं अख्खी आळी आली. बाटली आडवी झाली.

यंदा तेच दुकान बेल्ह्याच्या रस्त्याला उघडायचा अर्ज आला. सभा बोलावली तर माणसंच पुरेशी जमली नाहीत, म्हणून तहकूब केली. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा किती माणसं हवीत याची अटच नसते. दुकानवाल्याला हे चांगलं ठाऊक होतं. त्याची माणसं वेळेवर येऊन पुढं बसली. ना हरकतीसाठी हात मागितले, ते भराभर वर झाले. विरोधात मी एकटी. सारं गाव माझ्यामागं आहे असं मी समजत होते, पण मोजला तर हात एकच निघाला. ठरावावर सही मात्र मलाच करावी लागली. दुसऱ्या दिवशी शेजारची आली. तिचा नवरा प्यायला की तिला मारतो. रागावली नाही. "आवो, तुमी व्हता ना तितं? तुमच्या भरवशावर तर आमी घरी ऱ्हायलो."

हे कुठं पाठवणार, माझ्यापाशीच राहील. तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. सभा पुन्हा भरली त्या दिवशी माझी सून साडी बदलून दारात उभी होती. "आत्या, मी पन येते," म्हणाली. मी चपला घालता घालता म्हणाले, "तू कशाला? मी जातीय ना."