गोन्ताचे गळके डोळे

बेटावरून, ३ ऑक्टोबर

चि. चिनात्सु हीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गोन्ता बोक्याचे डोळे अजून गळतात. गालावरचे केस तांबूस होऊन चिकटलेत. बोटीनं येणाऱ्या डॉक्टरनं पापण्या उलटून बघितल्या. म्हणाला, जखम नाही, खाण्यातलं काहीतरी बाधत असेल, बहुधा मासा. महिनाभर बंद करून बघा. मी तर तू पाठवलेल्या कोंबडीच्या पाकिटाशिवाय कणभर देत नाही. माझा संशय शेजारच्या फुसाएवर आहे. अंगणात बांगडे वाळवते आणि मला बघून गोड हसते. इतकं गोड कोणी उगाच हसत नाही.

तुझे आजोबा मात्र सुधारलेत. जिवंतपणी माशाचं डोकं पानात टाकायचे, आता फोटोपुढे ठेवलेला खारा बांगडा दुपारपर्यंत शेपटीसकट संपतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी शिगेयो

ओसाका, ९ ऑक्टोबर

ती. आजीस चिनात्सुचा शि. सा. नमस्कार.

महिनाअखेर डोळे सुकले नाहीत तर मी टोपली घेऊन येते आणि गोन्ताला इकडे आणते. तुला करमणार नाही, ठाऊक आहे. पण त्याचे डोळे तरी वाचतील. रागावणार नसलीस तर एक विचारते. आजोबांचा बांगडा खातं कोण?

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी चिनात्सु

बेटावरून, १४ ऑक्टोबर

चि. चिनात्सु हीस आशीर्वाद.

रागावले. मेलेल्या माणसाच्या ताटावर संशय घेतेस? माझा संशय फुसाएवरच होता, तिनं पाठवलेला मुळ्याचा खार तर मी आला त्याच दिवशी बरणीसकट परत केला होता. तरी काल पडद्याआड विणकाम घेऊन बसले. गोन्ता आला, फोटोपुढे मान खाली घातली. मला वाटलं, नमस्कार करतोय. मान वर आली तेव्हा तोंडात शेपटी होती.

तो घास आजोबांचा म्हणून मी गोन्ताच्या खाण्यात धरलाच नव्हता. आजोबांना सांगितलं, आजपासून नुसता भात आणि चहा. ते काही बोलले नाहीत. गोन्ता फार बोलला.

फुसाएला टोपलीभर पर्सिमनची फळं दिली. कशाबद्दल, म्हणाली. झाडाला जास्त आलीत, म्हटलं. परत तशीच गोड हसली. बाईवर लक्ष ठेवायला हवं.

आजी

बेटावरून, २ नोव्हेंबर

चि. चिनात्सु,

काल डॉक्टर येऊन गेला. डोळे कोरडे आहेत, गाल पांढरा झालाय. तो म्हणाला, प्रत्येक मांजराला मासा बाधतो असं नाही, याला बाधला. म्हटलं, आमच्या घरात जगावेगळेच येतात.

टोपली आणू नकोस. तू ये. वाळका मासाही आणू नकोस, दोघांना पथ्य आहे.

आजी