वास्तुपुरुषाची परवानगी

सिंगापूर, ता. ९ मार्च २०१४

ती. आईस,
सा. न. वि. वि. फोनवर तू प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. न्हाणीघरात पडल्यापासून तू एकटी राहू नयेस, असं आम्हाला फार वाटतं. नव्या घरात खालची खोली तुझी ठेवली आहे. लिटिल इंडिया पायी गाठता येतं, कढीपत्त्यापासून सगळं मिळतं.

नवं म्हणजे आपल्याला नवं. घर शंभरीला टेकलेलं, जमिनीला नक्षीच्या फरशा, आणि सरकारने जतनासाठी राखलेलं. खिडकीच्या झडपांना रंगसुद्धा विचारून लावायचा. निहार म्हणतो, एवढा धाक सासूचाही नाही. कधी येतेस ते कळव. कायमची ये.

होकाराची वाट पाहणारी,
अनुया

पुणे, ता. २० मार्च

चि. सौ. अनुयास,
अनेक आशीर्वाद. गुडघा आता बरा आहे. तुमची वास्तुशांत राहिली आहे, असं नीतामावशीकडून कळलं. ज्या घराच्या आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरलेली नाही, त्या घरात मी मुक्काम करणार नाही. जावईबापूंनी राग मानू नये.

तुझी,
आई

सिंगापूर, ता. १४ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि. तुझ्या जावयाचा पराक्रम ऐक. वास्तुपुरुष यांना घरात पुरायची परवानगी द्यावी, असं त्याने इंग्रजीत कळवलं. जतनाचं काम पाहणाऱ्या बाईंचा तातडीने फोन आला, की हे गृहस्थ कोण आणि वारले कधी. खुलासा ऐकून त्या पोटभर हसल्या, पण जुनी फरशी उचकटायला साफ नाही म्हणाल्या.

शेवटी गुरुजींनी मार्ग काढला. फरशीला हात न लावता, त्याच कोपऱ्यात तबकात प्रतिमा ठेवून रविवारी वास्तुशांत झाली. शेजारच्या लिम आजी जेवायला होत्या. पुरणपोळी इथल्या लकबीत 'टू स्वीट, लाह' म्हणत दोन खाल्ल्या. आता तुझी काही सबब चालायची नाही.

तुझी लाडकी,
अनुया

पुणे, ता. २६ एप्रिल

चि. सौ. अनुयास,
अनेक आशीर्वाद. सबब हा शब्द तू नेमका वापरलास. वास्तुपुरुष हे निमित्तच होतं. खरं म्हणजे मला भीती वाटते. लेकीकडे चार दिवस पाहुणचार गोड लागतो, त्यानंतर मी तिथे कोण? इथे मला दूधवालासुद्धा नावाने ओळखतो.

तुम्हा दोघांचं प्रेम कळतं ग. पण तुमच्या घराची एक फरशी हलवायची तर तुम्ही परवानगी मागितलीत, आणि मला हलवताना नुसती तारीख विचारलीत. याचं वाईट वाटलं, ते लिहून टाकते.

जूनमध्ये येते. परतीचं तिकीटही काढ. तारीख मोकळी ठेवलीस तरी चालेल, पण तिकीट काढ.

जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्यावर माया आहेच.
आई